नीटमध्ये हुकलेली जागा आणि त्यानंतरचे आठवडे

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

वैद्यकीय प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की आपल्यासह सर्वच वृत्तपत्रांत जागांची संख्या, कटऑफ, वेळापत्रक आणि गुणवंतांच्या मुलाखती यांना भरपूर जागा मिळते, आणि ती मिळायलाही हवी. मात्र ज्यांचे नाव कोणत्याच निवड यादीत येत नाही अशा लाखो मुलामुलींविषयी या मजकुरात क्वचितच काही असते, आणि असलेच तर ते एखादी दुर्दैवी घटना घडून गेल्यावर. कनिष्ठ महाविद्यालयात मी दीर्घकाळ जीवशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतरही पसंतीक्रम भरताना किंवा यादीत नाव न आल्यावर पालक सल्ल्यासाठी येतात. त्यांच्याशी होणाऱ्या बोलण्यातून जे जाणवत आले ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे म्हणून हे पत्र. वैद्यकीय प्रवेशातला नकार हा बहुतांशी जागांच्या गणितातून येतो, पण घरोघरी तो मुलाच्या लायकीचा निवाडा म्हणून स्वीकारला जातो. पुढचे मोठे निर्णय या गैरसमजाच्या भरात घेतले जातात, आणि नुकसान होते ते बहुधा तिथे.

गणित आधी पाहू. २०२५ च्या नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला देशभरातून २२ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले आणि त्यांतले १२ लाख ३६ हजारांच्या आसपास पात्र ठरले. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या घरात आहेत, आणि परवडणाऱ्या शुल्काच्या म्हणजे सरकारी महाविद्यालयांतल्या जागा त्यांतल्या साधारण निम्म्या. म्हणजे परीक्षेनेच पात्र म्हणून जाहीर केलेल्या दहा जणांमागे एमबीबीएसची जागा जेमतेम एक आहे. सर्वांनी दुप्पट अभ्यास केला तरी नऊ जण बाहेर राहणारच होते. फक्त ते कोण, एवढेच बदलले असते. ही गोष्ट पालकांना आकड्यांत मान्य असते, पण आपल्या घरातले मूल त्या नवांत निघाले की ते मान्य करणे त्यांना फार जड जाते.

शिवाय त्या नवांत कोण जाणार हे ठरवणारी रेघ फार बारीक असते. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो, त्यामुळे एकाच प्रश्नाचे उत्तर बरोबर येण्यात आणि चुकण्यात पाच गुणांचा फरक पडतो. ज्या पट्ट्यात विद्यार्थ्यांची दाटी असते तिथे या पाच गुणांत हजारो क्रमांक खालीवर होतात. गुण सारखे पडले तर आधी जीवशास्त्राचे, मग रसायनशास्त्राचे, मग भौतिकशास्त्राचे गुण पाहतात आणि तरीही बरोबरी राहिली तर चुकीच्या व बरोबर उत्तरांचे प्रमाण तपासतात. प्रशासनाला कुठेतरी रेघ ओढावीच लागते, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र रेघेच्या अलीकडचा हुशार आणि पलीकडचा कमी कुवतीचा, असे या पद्धतीतून कधीच सिद्ध होत नाही, आणि ती तसा दावाही करत नाही.

एका वर्षाचे गुण दुसऱ्या वर्षाशी ताडून पाहण्यातही अर्थ नसतो. २०२४ च्या सुधारित निकालात ७२० पैकी ७२० गुण मिळवणारे १७ जण होते आणि साडेसहाशेच्या वर असलेल्यांची संख्या हजारोंत होती. पुढच्याच वर्षी प्रश्नपत्रिका इतकी कठीण निघाली की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण ६८६ होते आणि साडेसहाशेच्या पुढे शंभर जणही नव्हते. त्या वर्षी माझ्या घरी आलेल्या मुलांना आदल्या वर्षीचा कटऑफ दाखवून ‘एवढे तरी पडायला हवे होते’ असे सुनावणारे पालक होते. त्यांना हा फरक कोणी समजावून सांगितला नव्हता. निकालापासून पहिल्या यादीपर्यंत समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या ‘संभाव्य कटऑफ’च्या चित्रफितींनी तर या काळात घरांची झोप उडवलेली असते. त्यांतले बरेचसे अंदाज असतात आणि अंदाज चुकल्याचे नंतर कोणी सांगायला येत नाही.

नाकारलेले विद्यार्थी खरोखरच कमी प्रतीचे असतात का, याची एक अनपेक्षित परीक्षा अमेरिकेत होऊन गेली आहे. १९७९ मध्ये टेक्सास राज्याने ह्यूस्टन येथील वैद्यकीय महाविद्यालयाला ऐनवेळी ५० विद्यार्थी जास्त घेण्यास सांगितले. तोपर्यंत वरच्या क्रमांकाचे उमेदवार प्रवेश घेऊन मोकळे झाले होते, त्यामुळे मुलाखतीनंतर तळाच्या क्रमांकांवर टाकलेल्यांतून हे ५० जण घ्यावे लागले. त्यांतल्या बहुतेकांना दुसऱ्या कोणत्याही महाविद्यालयाने घेतलेले नव्हते. पदवी पूर्ण होईपर्यंत आणि त्यानंतरच्या प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षातही त्यांच्यात आणि आधी निवडलेल्यांत लक्षात येण्याजोगा फरक आढळला नाही, असे नंतर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवले गेले. तिथे क्रम मुलाखतीवरून लावला होता, आपल्याकडे तो केवळ लेखी परीक्षेच्या गुणांवरून लागतो. त्यामुळे तो निष्कर्ष इथे जसाच्या तसा लागू होत नाही. पण निवड यादीच्या बाहेर राहिलेल्यांत चांगले डॉक्टर होऊ शकणारे पुष्कळ असतात, इतके त्यातून निश्चित दिसते. नेदरलँड्समध्ये तर १९७० च्या दशकापासून २०१७ पर्यंत वैद्यकीय प्रवेश शालेय गुणांचे वजन लावलेल्या सोडतीने दिले जात. सोडतीवर टीका पुष्कळ झाली, पण नाव न निघालेल्या मुलाला निदान ‘तू कमी पडलास’ असे म्हणण्याची सोय तिच्यात नव्हती.

आता घरांकडे वळते. निकालाच्या दिवशी पहिल्या तासा-दोन तासांत जे बोलले जाते ते मुलांच्या मनावर फार काळ राहते. नातेवाइकांचे ‘किती पडले?’ असे फोन येऊ लागतात, आणि आई किंवा वडील मुलासमोरच फोनवर आवाज खाली आणून बोलतात. मुलाला शब्द ऐकू आले नाहीत तरी त्या आवाजातले सगळे कळते. काही घरांत खर्चाचा हिशेब निघतो, काहींत शेजारच्या मुलीशी तुलना होते, आणि बऱ्याच घरांत तितक्याच घाईने आणि प्रेमानेच ‘काही हरकत नाही, अजून एकदा देऊ’ असे सांगून टाकले जाते. हे शेवटचे वाक्य सर्वांत सौम्य वाटते, पण त्यात मुलाचे मत कोणी विचारलेले नसते. दोन वर्षे पहाटेपासून अभ्यास केलेल्या मुलाला त्या दिवशी आणखी एक वर्ष मनातल्या मनातही झेपत नसते, आणि नाही म्हणावे तर आईवडिलांचे मन मोडेल या भीतीने ते मान डोलावते. पुढे तेच संमती म्हणून गृहीत धरले जाते. त्या आठवड्यात कोणताही निर्णय घेऊ नये, नातेवाइकांना काय सांगायचे हे मुलाला विचारून ठरवावे आणि ते फोन शक्यतो पालकांनीच घ्यावेत, इतके पाळले तरी बरेच साधते.

याच आठवड्यांत दलालांचेही फोन सुरू होतात. विद्यार्थ्यांचे क्रमांक त्यांच्यापर्यंत कसे पोहोचतात हा वेगळ्या चौकशीचा विषय आहे. ‘संस्थास्तरावरची एक जागा राखून ठेवली आहे, आज टोकन भरा’ असे सांगणाऱ्याला इतकेच विचारावे की ही जागा प्रवेशाच्या फेऱ्या घेणाऱ्या राज्याच्या सीईटी कक्षाच्या किंवा केंद्रीय समुपदेशन समितीच्या कोणत्या फेरीतून मिळणार आहे. एमबीबीएसचा प्रवेश, मग तो खासगी महाविद्यालयातल्या संस्थास्तरीय कोट्यातला का असेना, नीटच्या क्रमांकानुसार आणि ठरलेल्या प्रक्रियेतूनच होतो. बाहेरून मिळणाऱ्या जागेचे आश्वासन फसवणुकीचे समजावे. परदेशी महाविद्यालयांच्या प्रतिनिधींचे वेगळे आहे, कारण तो मार्ग कायदेशीर आहे. पण अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा असणे, आंतरवासिता (इंटर्नशिप) त्याच संस्थेत पूर्ण होणे, अशा २०२१ च्या नियमांतल्या अटी तपासून मगच तो धरावा, आणि परतल्यावर द्यावयाच्या परीक्षेत अलीकडच्या बऱ्याच सत्रांत उत्तीर्णांचे प्रमाण एक तृतीयांशाहूनही कमी राहिले आहे, हे पासपोर्ट काढण्यापूर्वी मुलालाही ठाऊक असावे. दुःखात असलेले घर पटकन सही करते, हे या मंडळींना चांगले कळते.

मला स्वतःला या सगळ्यात सर्वाधिक त्रासदायक वाटते ती फेऱ्यांची लांबण. जूनमध्ये निकाल लागतो. त्यानंतर अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागांच्या आणि राज्याच्या ८५ टक्के जागांच्या फेऱ्या एकमेकींच्या मागेपुढे चालतात, मध्येच एखादे न्यायालयीन प्रकरण येते, नव्या जागा वाढतात, तारखा पुढे जातात, आणि अखेरची स्ट्रे, म्हणजे उरलेल्या रिकाम्या जागांची, फेरी येईपर्यंत दिवाळीही सरलेली असते. एकदाच स्पष्ट नकार मिळाला असता तर मूल चार दिवस रडून सावरले असते. इथे तोच नकार प्रत्येक यादीबरोबर नव्याने मिळतो, आणि दर वेळी ‘पुढच्या फेरीत कटऑफ खाली येईल’ ही आशा त्याला जोडलेली असते. या काळात मूल धड नव्या अभ्यासाला बसत नाही, धड विश्रांती घेत नाही. ज्यांचा क्रमांक मागच्या फेरीच्या शेवटच्या प्रवेशाच्या अगदी जवळ आहे त्यांनी शेवटपर्यंत थांबावे, यात शंका नाही. परंतु ज्यांचे अंतर हजारोंचे आहे त्यांनी पहिली फेरी संपताच ते अंतर कागदावर लिहून प्रामाणिकपणे पाहावे, दुसरीकडे कुठेतरी प्रवेश घेऊन ठेवावा आणि त्या वर्गात नियमित जावे. यादी बघायचे काम घरातल्या एका मोठ्या माणसाकडे द्यावे; मुलाने दर तासाला संकेतस्थळ उघडून बसू नये.

शेवटच्या फेऱ्यांचे नियमही आधीच्यांसारखे सैल नसतात. जागा सोडल्यास अनामत रक्कम जाते, आणि अखिल भारतीय कोट्याच्या स्ट्रे फेरीत मिळालेली जागा न घेतल्यास पुढच्या वर्षीच्या नीटला बसता येत नाही, असा नियम गेल्या काही वर्षांपासून आहे. ‘भरून तर पाहू’ म्हणून भरलेल्या पसंतीक्रमाने पुढचे वर्षही अडकू शकते, म्हणून माहितीपुस्तिका त्या वर्षीचीच वाचावी, आणि ती मुलाने व पालकांनी दोघांनीही वाचावी.

पुन्हा परीक्षा द्यावी की नाही, या प्रश्नावर माझ्याकडे येणाऱ्यांना सरसकट उत्तर हवे असते आणि ते देता येत नाही. वयाची कमाल मर्यादा २०२२ मध्ये काढून टाकली गेली आणि प्रयत्नांवरही बंधन नाही. त्यामुळे थांबायचे कुठे हे आता नियम ठरवत नाही, घराला ठरवावे लागते. एरवी सोय वाटणारी ही गोष्ट कित्येक मुलांच्या बाबतीत न संपणारा टांगणीचा काळ होऊन बसते. मी मुलांना आधी उत्तरपत्रिकेची प्रत आणि उत्तरतालिका शेजारी ठेवून बसायला सांगते. गुण गेले ते कशामुळे? प्रकरणेच वाचून झाली नव्हती, की येत असलेले प्रश्न वेळेअभावी राहिले, की अंदाजाने उत्तरे भरून वजा गुण ओढवून घेतले? बारावीची परीक्षा आणि नीट एकाच वर्षी दिलेल्या, भौतिकशास्त्राची अर्धी तयारी राहून गेलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या वर्षात बरेच काही करता येण्यासारखे असते. सगळा अभ्यासक्रम दोनदा पूर्ण करून, शंभर सराव परीक्षा देऊन जो तेवढ्याच गुणांवर थांबला आहे, त्याला तोच क्लास आणि तेच वेळापत्रक आणखी एक वर्ष देऊन काय वेगळे मिळणार, याचे उत्तर क्लासच्या समुपदेशकाने देऊ नये. त्याला रिपीटर बॅचच्या जागा भरायच्या असतात. हे मी कटुतेने म्हणत नाही, तो त्याचा व्यवसायच आहे.

आणि दुसरे वर्ष घ्यायचेच ठरले तर ते कसे जाणार आहे याचीही कल्पना हवी. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बरोबरीच्या मुलांची पांढऱ्या कोटातली छायाचित्रे मोबाइलवर येऊ लागतात, आणि माझ्या पाहण्यात घरात बसलेल्या मुलाचा सर्वांत वाईट काळ तोच असतो, निकालाचा दिवस नव्हे. मूल लग्नकार्याला जात नाही, मित्रांचे फोन उचलत नाही, आणि घरचे लोक याला एकाग्रता समजून खूश असतात. रोज तासभर तरी अभ्यासाशी संबंध नसलेले काही करणे, एखाद्या मित्राशी सूत टिकवणे आणि निकालानंतरचा दुसरा रस्ता आधीच ठरवून ठेवणे, या गोष्टींमुळे तयारी पातळ होत नाही. माझ्या पाहण्यातली जी मुले दुसऱ्या प्रयत्नाला शांतपणे सामोरी गेली, त्यांच्या घरात ‘नाही झाले तर काय’ हे वाक्य उघडपणे बोलले गेले होते. ते बोलल्याने अपशकुन होतो असे त्या घरांना वाटत नव्हते.

दुसऱ्या रस्त्यांची यादी आपल्या पुरवण्यांतून येतच असते, म्हणून ती इथे देत नाही. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी, पशुवैद्यक यांचे दरवाजे याच गुणपत्रिकेने उघडतात हे बहुतेकांना ठाऊक असते. मला खटकतो तो हे मार्ग सांगण्याचा सूर. ‘एमबीबीएस नाही तर निदान हे’ अशा शब्दांत मुलाला एखाद्या अभ्यासक्रमात बसवले की ते मूल पहिल्या वर्षभर आपल्या वर्गाकडे पराभवाची जागा म्हणून पाहते, आणि मग तिथेही मागे पडते. जनावरांची आवड नसलेल्याने केवळ नावाआधी डॉक्टर लागावे म्हणून पशुवैद्यकाला जाऊ नये, आणि आवड असलेल्याला त्याच्या नातेवाइकांनी कमी लेखू नये. यापलीकडे त्यावर बोलण्यासारखे फार नाही.

निराशा आणि आजार यांतला फरक मात्र सविस्तर सांगायला हवा. चार-आठ दिवस रडणे, चिडणे, कोणाशी न बोलणे हे साहजिक आहे, त्याला लगेच उपचारांची गरज नसते. पण दोन-तीन आठवडे उलटले तरी झोप येत नसेल किंवा मूल दिवसभर झोपूनच राहत असेल, जेवण तुटले असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींकडे ते पाहत नसेल, ‘मी तुमच्यावर ओझे आहे’ किंवा ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे बोलत असेल, जपलेल्या वस्तू वाटून टाकत असेल, तर वाट पाहू नये. अशा वेळी मुलाला जवळ बसवून ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत खरी नाही. उलट कोणी विचारले याचा मुलांना आधार वाटतो, हे मानसोपचारतज्ज्ञ सातत्याने सांगत आले आहेत. होकार आला तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते, आणि पालकांनीही तिथे फोन केलेला चालतो.

नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशभरातल्या शिक्षणसंस्था आणि क्लासेससाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, गुणांवरून बॅचेस वेगळ्या करू नयेत, विद्यार्थ्यांना चारचौघांत अपमानित करू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. आपल्या मुलाच्या क्लासमध्ये दर महिन्याच्या चाचणीनंतर बॅच बदलत असेल आणि खालच्या बॅचचे नाव भिंतीवर लागत असेल, तर हा आदेश दाखवून विचारणा करण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. तसेच शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार क्लास मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाचे शुल्क दहा दिवसांत परत मिळायला हवे. ‘पैसे भरलेत, आता वर्ष पूर्ण कर’ या एका कारणासाठी मुले क्लासमध्ये कुढत राहतात, म्हणून याचा उल्लेख केला.

आता थोडे आपल्या वृत्तपत्र व्यवसायाविषयी, आणि ते आपण मोठ्या मनाने छापाल असा विश्वास आहे. निकालाच्या दुसऱ्या दिवशीच्या अंकात पूर्ण पानभर मुलांचे चेहरे असलेल्या क्लासच्या जाहिराती असतात. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा जाहिरातीत विद्यार्थ्याच्या क्रमांकासोबत त्याने कोणता अभ्यासक्रम घेतला, तो किती काळाचा होता आणि त्यासाठी पैसे भरले होते का, हेही द्यावे लागते. ही माहिती ठळक अक्षरांत असेल तरच जाहिरात स्वीकारू, असे आपल्या जाहिरात विभागाने ठरवावे. त्या पानाशेजारी, त्याच दिवशी, किती जण परीक्षेला बसले, किती पात्र ठरले आणि राज्यात सरकारी व खासगी मिळून जागा किती, एवढी एक छोटी चौकट द्यावी आणि तिच्याखाली १४४१६ हा क्रमांक छापावा. फेऱ्या चालू असेपर्यंत ती चौकट दर यादीबरोबर पुन्हा यावी. आणि शक्य झाल्यास, दोन-तीन वर्षांपूर्वी जागा हुकलेली आणि आज वेगवेगळ्या ठिकाणी शिकणारी किंवा काम करणारी काही मुले बोलती करावीत. त्यांतल्या ज्यांची घडी अजून बसलेली नाही, त्यांनाही त्या पानावर जागा द्यावी.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका